मावळ्यांसाठी ब्रश घेताना

दिवाळीची सुटी लागली, की अंगणात किल्ल्यासाठी माती कालवली जाते. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ तर आमच्याच पोलादपूर तालुक्यात. इथे मावळ्यांशिवाय किल्ला कसला? मातीचे कोरे मावळे आणून घरीच रंगवले, तर मुलांचा वेळही छान जातो. पण भिवया-मिशा काढायची वेळ आली, की गाडं ब्रशपाशी अडतं.

मैत्रिणींनो, नाजूक कामाला सगळ्यांत बारीक ब्रश हवा, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. तीन शून्यांच्या ब्रशात रंग मावतो तरी किती? मिशीपर्यंत पोचेतो तो वाळूनही जातो. त्यापेक्षा 1 किंवा 2 नंबरचा गोल ब्रश घ्या; पोट भरलेलं, टोक मात्र सुईसारखं. अंगरख्याला 4 नंबरचा पुरे. दुकानातच ब्रश पाण्यात बुडवून झटकून पाहा. केस जुळून टोक आलं तर घ्या. फाटे फुटले तर नको म्हणा.

आणि हो, मुंगसाच्या केसांचा ब्रश कुणी कौतुकानं पुढे केला, तरी घेऊ नका. त्या केसांसाठी मुंगसं मारली जातात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांची शिकार आणि केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. नायलॉनच्या ब्रशानंही मिशी झोकदार येते!

काम झालं, की ब्रश पेल्यात उभा ठेवू नका; टोक वाकतं. साध्या साबणानं धुऊन, बोटांनी टोक जुळवून आडवा वाळवा. पुढच्या दिवाळीलाही तोच कामी येईल.