कार्ल डेनहॅमचा कॅमेरा आणि मार्लवाई

‘किंग काँग’ म्हटलं की न्यूयॉर्कच्या उंच इमारतीवर चढलेलं अजस्र वानर आठवतं. त्याला तिथं आणणारा माणूस मात्र विसरला जातो. त्याचं नाव कार्ल डेनहॅम.

१९३३च्या त्या चित्रपटात रॉबर्ट आर्मस्ट्राँगनं ही भूमिका केली. डेनहॅम दूरदेशीच्या रानांत जाऊन चित्रपट काढणारा. एकदा गेंडा अंगावर आला आणि छायालेखक घाबरला, तेव्हापासून कॅमेरा तो स्वतःच चालवतो. नकाशात नसलेल्या बेटावर उतरतो तेव्हा तिथं एक विधी चालू असतो. कोणाला न विचारता तो कॅमेरा लावतो. माझ्या मते पुढच्या साऱ्या अनर्थाचं मूळ तिथं आहे, वानरात नाही. (ते वानर म्हणजे जेमतेम दीड फुटाची बाहुली होती, हे सांगितलं की मुलं हिरमुसतात.)

डेनहॅम निव्वळ कल्पनेतून आलेला नाही. दिग्दर्शक मेरियन कूपर आणि अर्नेस्ट शोडसॅक स्वतः असेच भटके. इराणातल्या बख्तियारी मेंढपाळांच्या स्थलांतरावर त्यांनी १९२५ साली चित्रपट काढला, १९२७ साली सयामच्या जंगलावर. गंमत म्हणजे काँगवर गोळ्या झाडणाऱ्या विमानात शेवटी हे दोघेच बसलेले दिसतात. त्याच वर्षी आलेल्या ‘सन ऑफ काँग’मध्ये डेनहॅम सावकार आणि खटले चुकवत पळतो आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १९४० साली जोडेघाटला कुमरम भीम मारले गेले. गोंड का पेटले, हे समजून घ्यायला निजाम सरकारनं क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला बोलावलं. कॅमेरा त्याच्याकडेही होता. पण तो आणि त्याची पत्नी बेट्टी मार्लवाईत झोपडी बांधून राहिले, गोंडी शिकले. गोंडांना जमिनीचे पट्टे मिळावेत म्हणून त्यानं सरकारदरबारी पाठपुरावा केला. मार्लवाईत गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र निघालं, आणि तिथली गोंडी पुस्तकं छापली गेली ती देवनागरीत, आपल्या लिपीत. ही गोष्ट आपल्या घरांतून फारशी सांगितली जात नाही.

दुसरी तर मुळीच सांगितली जात नाही. सत्तरच्या दशकात हायमेनडॉर्फ परत आला, तेव्हा पट्ट्यांच्या कितीतरी जमिनी बाहेरून आलेल्यांच्या हाती गेलेल्या त्याला दिसल्या. १९८२च्या पुस्तकात त्यानं ते लिहून ठेवलं. त्या बाहेरच्यांत मराठी बोलणारेही होते. डेनहॅमला हसणं सोपं आहे, कारण तो कॅमेरा घेऊन आला होता; आपले पूर्वज नांगर घेऊन आले.

बेट्टी १९८७ साली हैदराबादला वारली. तिची समाधी मार्लवाईत आहे. जैनूरवरून रस्ता जातो. तिथं गोंड आजही तिची पुण्यतिथी पाळतात.