मॉड्युल निवडण्याआधी राइस मिल पाहा

एसएपी, ओरॅकल ही नावे आता तुमसर-साकोलीच्या घरांतही ऐकू येतात. मुलगा पदवीधर झाला, की कोणीतरी सांगतो, पुण्यात अमुक मॉड्युलचा क्लास लाव. फी भरायची तर कधी कधी धानाचे चुकारे येण्याची वाट पाहावी लागते. म्हणून कोणते मॉड्युल घ्यायचे, हे घरी बसून नीट ठरवलेले बरे.

आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९७२ साली जर्मनीत एसएपी कंपनी सुरू केली. कल्पना साधी होती. खरेदी, गोदाम, उत्पादन, विक्री, हिशेब यांची वेगवेगळी रजिस्टरे कशाला? एकदा केलेली नोंद सगळ्यांनी वापरायची.

आपल्याकडची राइस मिल घ्या. धान काट्यावर चढले, साठा वाढला. हे साहित्य व्यवस्थापन, म्हणजे एमएम. भरडाई सुरू झाली, की उत्पादनाचे पीपी. तांदूळ विकला, की एसडी. देणे-घेणे एफआयमध्ये, आणि क्विंटलमागे खर्च किती पडला हे सीओमध्ये. शासकीय भरडाईत एक क्विंटल धानामागे साधा तांदूळ ६७ किलो जमा करावा लागतो. उरलेल्या ३३ किलोंत कोंडा, तूस वगैरे आणि घट. कोंडा तेलवाल्याकडे जातो, तूस भट्टीत जळते. मग विजेचे बिल आणि मजुरी यांपैकी कोंड्यावर किती टाकायची आणि तांदळावर किती? हा प्रश्न ज्याला आपणहून पडतो आणि जो तो कागदावर सोडवून दाखवतो, तो सीओचा माणूस. कोणत्या स्क्रीनवर काय भरायचे, ते मागाहून शिकता येते.

तेव्हा बाजारात कशाला भाव आहे, हे पाहून मॉड्युल निवडू नये, असे माझे मत आहे. बी.कॉम. होऊन करसल्लागाराकडे टॅलीवर बसलेल्या, २०१७ नंतरची जीएसटी विवरणपत्रे भरलेल्या मुलीने एफआय घ्यावे. वरठीच्या पोलाद कारखान्यात किंवा गडेगावच्या अशोक लेलँडमध्ये उमेदवारी केलेल्या डिप्लोमाधारकाला पीपी किंवा यंत्रदेखभालीचे पीएम जवळचे. एबॅप, म्हणजे एसएपीचे प्रोग्रॅमिंग, आवड असेल तरच. साधा कोड आता यंत्रही लिहून देते. धंदा समजून घेणारा माणूस मात्र लागतोच.

क्लासवाल्याला एक विचारा : शिकवणार ते जुने ईसीसी, की २०१५ साली आलेले एस-फोर हाना? ईसीसीची नियमित देखभाल २०२७ अखेर थांबवण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्याकडून ती हमी लेखी मागा; बहुतेकदा तिथेच बोलणे संपते. एसएपीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बरेचसे पाठ मोफत आहेत, हेही तो सांगणार नाही.

पैसे भरण्याआधी सराव हवा असेल, तर मुंबईच्या फ्रापे कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली मुक्त आहे. ओळखीच्या मिलमालकाकडून एका महिन्याची वही मागून घ्या आणि ती संगणकावर चढवा : धानाची आवक, भरडाई, कनकीची विक्री. बहुधा बारदान्यापाशी अडाल. पोते सरकारचे, मिलचे की व्यापाऱ्याचे, हे प्रणालीला आधी सांगावे लागते. आणि वहीत ते बहुतेक वेळा लिहिलेले नसते, दिवाणजीच्या डोक्यात असते.