आधी फ्यूज पाहा, मग वॅट

गाडीत सबवूफरसाठी अ‍ॅम्प्लिफायर घेताना खोक्यावरचा मोठा आकडा बाजूला ठेवून आधी फ्यूज पाहावा. इंजिन चालू असताना साधारण 14 व्होल्ट मिळतात. 30 अँपिअरचा फ्यूज असेल तर आत जाणारी शक्ती सुमारे 420 वॅट. क्लास डी प्रकारात त्यातले 80 टक्के बाहेर आले, तरी सलग मिळणार 340 वॅटच्या आसपास. अशा यंत्रावर छापलेल्या ‘1500 वॅट’वर विसंबणे म्हणजे स्वतःची फसवणूक. सबवूफरशी जुळवायची ती आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी शक्ती, आणि तीही नेमक्या ओहमवर: 4 ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडले की भार 2 ओहम होतो, तो पेलणारा मोनोब्लॉकच, म्हणजे एकाच चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर, हवा.

जास्त ताकदीने सबवूफर जळेल, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर लहानच घ्यावा, असा आक्षेप नेहमी येतो. भीती रास्त आहे, उपाय मात्र चुकीचा. लहान अ‍ॅम्प्लिफायर ताणला की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात, सरासरी शक्ती वाढते आणि सबवूफरची कॉइल तापते. त्यापेक्षा थोडा वरचढ घेऊन गेन बेताचा ठेवावा. आणि तारेत काटकसर नकोच. पातळ तारेत व्होल्टेज पडले की वरचा सगळा हिशेब कोलमडतो.