दारिद्र्य निर्मूलन व सामाजिक उद्योजकता : राजगुरुनगरचा अनुभव

सामाजिक प्रश्नाची सोडवणूक स्वावलंबी आर्थिक व्यवस्थेतून करणे म्हणजे सामाजिक उद्योजकता होय. डॉ. सुधा कोठारी यांनी स्थापन केलेली राजगुरुनगर येथील 'चैतन्य' ही संस्था याचे ठळक उदाहरण आहे. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० बचत गटांसाठी बँक-जोडणीचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. त्याच सुमारास खेड तालुक्यातील महिला गटांचा 'ग्रामीण महिला स्वयंसिद्धा संघ' उभा राहिला. गटांतर्गत कर्जाचे व्याज सावकाराकडे न जाता सभासदांच्याच निधीत जमा होते, हे या व्यवस्थेचे मर्म होय. तथापि कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे. आजारपणासाठी घेतलेले कर्ज सावकारी टाळते; दारिद्र्य हटविण्यास मात्र उत्पादक साधने व बाजारपेठ आवश्यक असते. म्हणून गटाचे यश केवळ परतफेडीवरून नव्हे, तर परतफेडीनंतर सभासद स्त्रीच्या हाती काय उरते, यावरून मोजले पाहिजे.