शेडचा पाइप आतून सडतो, वरचा रंग फसवतो!

मागच्या वळवाच्या वाऱ्यात माझ्या गोठ्याचा एक खांब जमिनीलगत मोडला. नशीब, जनावरं तेव्हा बाहेर होती. रंग दोनच वर्षांपूर्वी दिलेला, खांब वरून नवा दिसायचा. मोडलेल्या तोंडात बघतो तर गंजाचा भुगा आणि कागदासारखा पातळ झालेला पत्रा.

चूक माझीच. पाइपाचं वरचं तोंड उघडं ठेवलं होतं.

गंज आतून का धरतो?
गंजाला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. उघड्या तोंडातून पाऊस आत जातो आणि काँक्रीटमध्ये गाडलेल्या बुडाशी साठतो. पाऊस नसला तरी रात्री लोखंड गार झालं की आतल्या दमट हवेला पाणी सुटतं, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून सुटतं तसं. बाहेरचा रंग तिथं पोचत नाही.

नवीन शेड बांधताना
• पाइप आधी उन्हात उभा करून आतून कोरडा करा.
• दोन्ही तोंडांना लोखंडी पट्टीचा तुकडा लावून सगळीकडून सलग वेल्डिंग करून घ्या. नुसते टाके नकोत. पूर्ण बंद पाइपात कोंडलेल्या हवेतला प्राणवायू संपला की गंज थांबतो.
• नंतर स्क्रूसाठी भोक पाडलं तर ते सीलंटनं बुजवा.
• पाइप पूर्ण बंद करणं जमत नसेल तर वरून पाणी जाऊ देऊ नका आणि सगळ्यात खाली निचऱ्याला भोक ठेवा. पाणी आत जातं पण बाहेर येत नाही, हे सगळ्यात वाईट.
• खांब गाडण्यापेक्षा उंच ओट्यावर बेस प्लेट बोल्टनं बसवा. शेण-मूत्र बुडाशी साचू देऊ नका.
• जीआय पाइप असला तरी वेल्डिंगच्या जागी जस्त जळतं. तिथं जस्ताचा रंग लावा. त्या वेल्डिंगचा धूर छातीत घेऊ नका.

जुनं शेड असेल तर
पावसाळ्याआधी प्रत्येक खांब जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत हातोडीनं ठोकून बघा. आवाज बद्द आला किंवा पत्रा दबला तर खांब बदला.

महत्त्वाचं: बंद पाइपावर पुन्हा वेल्डिंग करायचं असेल तर आधी ड्रिलनं भोक पाडा. आत पाणी असेल तर वाफ कोंडून पाइप फुटू शकतो.

तोंड बंद करायला भंगारातला पट्टीचा तुकडाही चालतो. वेल्डिंगवाल्याला काम सुरू होण्याआधीच सांगा. छत पडल्यावर सांगून उपयोग नाही.