हसत हसत सांगितलेला आजार

हिदेओ अझुमा हे नाव आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असेल. 'मांगा' हा शब्द मात्र आता घरातल्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. डोरेमॉन मुळात याच जपानी चित्रकथांच्या दुनियेतला. अझुमा त्या दुनियेतले एक नावाजलेले चित्रकार. १९५० साली उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावर जन्मलेले, विशीच्या आतच टोकियोला येऊन एका ज्येष्ठ चित्रकाराच्या हाताखाली उमेदवारी केलेले. १९६९ मध्ये त्यांचे पहिले काम छापून आले. सत्तरच्या दशकात साप्ताहिकातल्या विनोदी मालिकेने त्यांना घरोघरी पोहोचवले. १९७९ मध्ये विज्ञानकथांसाठी दिला जाणारा 'सेइउन' पुरस्कार मिळाला आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या दोन चित्रकथांवर दूरचित्रवाणी मालिका निघाल्या. लग्न झालेले, दोन मुले, पत्नी पूर्वी त्यांच्याच कामात मदतनीस.

नोव्हेंबर १९८९ मध्ये हा माणूस हातातले काम अर्धवट टाकून घरातून निघून गेला.

तेव्हा वय एकोणचाळीस. आयुष्य संपवण्याचा एक प्रयत्न फसल्यावर अझुमा थंडीचे दिवस झाडीत झोपून काढू लागले. शेतातला मुळा उपटून खायचा, दुकानांनी टाकून दिलेले अन्न शोधायचे, रस्त्यावरची सिगारेटची थोटके वेचायची, फेकलेल्या बाटल्यांत तळाशी उरलेली दारू एकत्र करायची, असा तो दिनक्रम. काही महिन्यांनी पोलिसांनी हटकले तेव्हा ओळख पटली. चौकीतला एक पोलीस त्यांचा चाहता निघाला. त्याने स्वाक्षरी मागितली आणि शेजारी 'स्वप्न' हा शब्दही लिहून घेतला.

एप्रिल १९९२ मध्ये ते पुन्हा बेपत्ता झाले. या वेळी ते गॅसच्या पाइपलाइन टाकणाऱ्या मजुरांच्या टोळीत कामाला लागले. पुढे दारू इतकी वाढली की १९९८ च्या अखेरीस घरच्यांनी त्यांना मनोरुग्णालयाच्या व्यसनमुक्ती विभागात दाखल केले. हे सारे त्यांनी स्वतःच रेखाटले आणि २००५ मध्ये 'शिस्सो निक्की' म्हणजे 'बेपत्ता झाल्याची डायरी' या नावाने ते पुस्तकरूपात आले. पुढच्याच वर्षी त्याला ओसामु तेझुका यांच्या नावाचा मोठा पुरस्कार मिळाला. पुस्तक विनोदी आहे. माणसे मोठ्या डोक्याची, बुटकी, गोंडस. वास्तव मुद्दाम वगळले आहे, कारण ते रेखाटणे क्लेशदायक आणि वाचणे जड, असे लेखक सुरुवातीलाच सांगून टाकतो.

कलावंताचे लहरी आयुष्य म्हणून हे पुस्तक वाचता येते आणि बरेच जण तसेच वाचतात. वैद्यकीय नजरेने वाचले तर ती एक केस हिस्टरी आहे, आणि तीही विनोद करत सांगितलेली. असा रुग्ण बाह्यरुग्ण विभागात फसवा असतो. जो रडतो त्याच्याकडे लक्ष जाते. जो 'काही नाही हो डॉक्टर, थोडी झोप कमी' म्हणत सगळ्यांना हसवतो, तो झोपेच्या चार गोळ्या घेऊन परत जातो.

आधी कामाचे स्वरूप पाहू. जपानी साप्ताहिकातल्या मालिकेला दर आठवड्याला साधारण वीसेक पानांचा भाग द्यावा लागतो. गोष्ट, चौकटींची मांडणी, पेन्सिल, शाई, संवाद हे सगळे सात दिवसांत. पार्श्वभूमी रंगवायला मदतनीस असतात, पण कल्पना मदतनिसांकडून येत नाहीत. अनेक साप्ताहिके वाचकांची मते मागवतात. पसंती घसरली की मालिका बंद. पसंती वाढली तर अधिक वाईट, कारण तेच पुन्हा हवे असते! अझुमांचा ओढा विज्ञानकथा आणि विक्षिप्त, निरर्थक विनोदाकडे होता. खपत होती ती हलकीफुलकी, सुंदर मुलींभोवती फिरणारी धमाल. खपणारे आणि आवडणारे यांतली ही दरी वर्षानुवर्षे राहिली की माणूस आतून कोरडा पडतो.

या कोरडेपणाला 'बर्नआउट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याला आजार म्हटलेले नाही, कामाशी निगडित अवस्था म्हटले आहे. तिची तीन अंगे सांगितली आहेत: शक्ती संपून जाणे, कामाबद्दल तुटकपणा किंवा तुच्छता येणे, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. हे कामापुरते असते. नैराश्याचा आजार वेगळा. त्यात सुटी घेतली तरी मन उघडत नाही, पहाटे जाग येते, जेवण नकोसे होते, मुलांचे हसणेही कानांवर आदळते, आणि आपण नसलेलेच बरे हा विचार डोके वर काढतो. एकातून दुसऱ्यात माणूस कधी सरकतो ते बहुतेक वेळा त्याला स्वतःला कळत नाही. घरच्यांना आधी कळते, पण ते 'कामाचा ताण' म्हणून सोडून देतात.

आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आहे. तिला शिक्षा नव्हे, उपचार मिळावेत ही शासनाची जबाबदारी आहे. पोलीस केसच्या धास्तीने रुग्णालयात 'चुकून औषध प्यायले' असे सांगणारे नातेवाईक आजही येतात. खरे सांगितले तर मानसोपचारतज्ज्ञ त्याच दिवशी खाटेपाशी येऊ शकतो. मनात असे विचार येत असतील तर १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करता येतो.

आता बेपत्ता होण्याविषयी. मानसशास्त्रात एक दुर्मीळ अवस्था वर्णिलेली आहे. तिच्यात माणूस अचानक दूर निघून जातो आणि आपण कोण, कुठले हेच विसरतो. चित्रपटांना ही अवस्था फार प्रिय आहे. अझुमांचे तसे नव्हते. ते काहीही विसरले नव्हते. आपण कोण आहोत हे नीट ठाऊक असलेला माणूस ते असण्यापासून पळाला होता, आणि प्रत्यक्षात असेच लोक कितीतरी अधिक आढळतात. कर्ज, परीक्षा, नोकरी, व्यसन, न बोललेले नैराश्य अशी त्यांची कारणे असतात. घरातून असे कोणी गेले तर चोवीस तास थांबण्याची गरज नाही. पोलीस ठाण्यात लगेच नोंद करावी. माणूस परत आल्यावर पहिला प्रश्न 'का गेलास' असा विचारू नये. त्याचे उत्तर त्याच्याकडेही नसते.

पाइपलाइनचे दिवस या पुस्तकात सर्वांत ताजे उतरले आहेत. सकाळी ठरल्या वेळी उठायचे, खड्डा खणायचा, मुकादम सांगेल ते करायचे, संध्याकाळी अंग दुखत झोपायचे, मजुरी हातात. सोबतचे कामगार कुणी भांडखोर, कुणी बढाईखोर, पण रोज भेटणारे. आणि इथेच एक गंमत घडते. चित्रांपासून पळालेला हा माणूस गॅस कंपनीच्या अंतर्गत नियतकालिकाकडे आपण होऊन एक चित्रपट्टी पाठवतो! नैराश्याच्या उपचारात 'कृतीला चालना' नावाची एक पद्धत आहे. मनःस्थिती सुधारण्याची वाट न पाहता लहान, ठरलेल्या, पूर्ण होणाऱ्या कामांनी दिवस भरायचा, मन मागाहून येते. मजुरीने नकळत तेच साधले असावे. अर्थात कष्टाची कामे करा म्हणजे नैराश्य जाईल, असा निष्कर्ष यातून कुणी काढू नये. अझुमांचेही ते गेले नाही. ते पुन्हा चित्रांकडे आले आणि दारू आधीपेक्षा वाढली.

दारू आणि प्रतिभा यांच्या नात्याबद्दल आपल्या साहित्यवर्तुळातही फार भाबडे समज आहेत. मेंदूत घडते ते असे. दारू मेंदूच्या शामक यंत्रणेला जोर देते, म्हणून पहिल्या पेल्याने धडधड थांबते, डोक्यातले आवाज विझतात. मेंदू गप्प बसत नाही. तो समतोल राखायला उत्तेजक यंत्रणा वाढवत नेतो. रात्रीची दारू उतरली की ही वाढलेली उत्तेजना उघडी पडते. म्हणून पहाटे तीनला दचकून जाग, हाताला कंप, कारणाशिवाय भीती. त्यावर उपाय पुन्हा दारू. सकाळचा पहिला घोट हा आनंदासाठी नसतो, तो कंप थांबवण्यासाठी असतो. व्यसनाच्या तपासणीत विचारल्या जाणाऱ्या चार प्रसिद्ध प्रश्नांतला चौथा म्हणूनच महत्त्वाचा: सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागते का? उरलेले तीन असे: कमी करावी असे कधी वाटले का, कुणी बोलले तर राग येतो का, मनाला खाते का. दोन उत्तरे 'हो' आली तर डॉक्टर सावध होतात.

अझुमा शेवटी दिवसरात्र पीत होते. भास होऊ लागले होते. या टप्प्यावर घरच्या घरी एकदम दारू बंद करणे धोक्याचे असते, हे अनेकांना माहीत नसते. सहा ते चोवीस तासांत कंप आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांच्या दरम्यान बरळणे, भ्रम, ताप. उपचार न झाल्यास यात मृत्यू येतो. देवासमोर शपथ घालून खोलीत कोंडलेला माणूस तिसऱ्या दिवशी बांधून आणला जातो आणि नातेवाईक त्याला 'वेड लागले' म्हणतात. रुग्णालयात शामक औषधे मोजून दिली आणि हळूहळू उतरवली, की हा टप्पा बहुतेक वेळा सुखरूप पार पडतो. सोबत बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शने लागतात. दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात ते संपलेले असते. अशा रुग्णाला ते न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

जपानमध्ये दारूसाठी स्वतंत्र विभाग १९६३ मध्ये योकोसुकाजवळच्या कुरिहामा येथील रुग्णालयात सुरू झाला. तिथे रुळलेली साधारण तीन महिन्यांची पद्धत पुढे देशभर पसरली. आधी शरीरातली दारू काढणे, मग वर्ग, व्यायाम, गटात बोलणे, बाहेरच्या सभांना जाणे. अझुमांनी २०१३ मध्ये या विभागावर दुसरे पुस्तक काढले. विभागातले रुग्ण, परिचारिका, जेवणाची ताटे, आपापसातली भांडणे सारे त्यात आहे. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'च्या सभा तिथेही होतात आणि आपल्या गावांतही. त्याखेरीज जपानची स्वतःची 'दानशुकाई' ही संस्था आहे. तिच्या सभेला पत्नीही येते आणि स्वतःचे बोलते.

हा भाग महत्त्वाचा, कारण अझुमांच्या पहिल्या पुस्तकात सर्वांत कमी दिसते ते घर. खाल्लेल्या मुळ्याचे वर्णन आहे, फेकलेल्या तळणाच्या तेलाचे आहे. त्या महिन्यांत दाराची कडी वाजली की पत्नीच्या पोटात काय होत असेल, ते नाही. वास्तव वगळले याचा अर्थ बहुधा हाच. व्यसनी माणसाच्या घरच्यांना स्वतःचा रक्तदाब, स्वतःची झोप, स्वतःची चिंता घेऊन यायची परवानगी कुणी देत नाही. ते फक्त 'रुग्णासोबत' असतात. पुण्याच्या 'मुक्तांगण'ने, अवचट दाम्पत्याने १९८६ मध्ये ते सुरू केले तेव्हापासून, कुटुंबालाही उपचारात ओढले. तरी अजून बहुतेक ठिकाणी पत्नीला खुर्चीसुद्धा रुग्ण बसल्यावर मिळते.

अझुमा १३ ऑक्टोबर २०१९ रोजी अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेले. वय एकोणसत्तर. एका माणसाच्या बाबतीत अमुक कारणाने अमुक झाले असे छातीठोक सांगता येत नाही. पण दारू हा कर्करोगजनक पदार्थ आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले, आणि अन्ननलिका हे तिच्या ठरलेल्या लक्ष्यांपैकी एक. दारूपासून शरीरात ॲसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ तयार होतो. तो मोडणारे विकर जवळपास चाळीस टक्के जपानी लोकांत जन्मतः दुबळे असते. दोन घोटांत त्यांचा चेहरा लाल होतो, आणि तरीही सवयीने पीत राहिले तर हा धोका कितीतरी वाढतो. भारतात हा दोष बराच कमी आढळतो. आपली अडचण दुसरी आहे. इथे दारूसोबत तंबाखू असतो, विडी असते, आणि दोन्ही एकत्र आले की धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. दारू सोडली की तो कमी होत जातो, पण त्याला वर्षे लागतात. म्हणून दहा वर्षांपूर्वी सोडलेल्या माणसानेही डॉक्टरला ती जुनी गोष्ट सांगायला हवी.

या आजाराचे पहिले लक्षण साधे असते. भाकरीचा घास छातीत अडल्यासारखा वाटतो. माणूस पाण्याच्या घोटाबरोबर तो उतरवतो आणि विसरतो. मग भाकरी बंद होऊन वरण-भात, मग पेज. रुग्णालयात येतो तो पेजेवर आल्यावर, आणि तोवर नळीचा बराचसा भाग बुजलेला असतो. पूर्वी भरपूर पिणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाचा घास पंधरा दिवस अडत असेल, तर ॲसिडिटीच्या गोळ्या बदलत बसू नये. दुर्बिणीची तपासणी दहा-पंधरा मिनिटांत होते आणि ती वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत उपलब्ध असते.