डिस्क भरली, पण कशाने?

वाळूजच्या कारखान्यातला ड्रॉइंग विभाग असो, मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठासमोर काम करणाऱ्या वकिलाचे कार्यालय असो की विद्यापीठात प्रबंध लिहिणाऱ्या संशोधकाचा लॅपटॉप, संगणकाची डिस्क भरली की पहिली धाव एकाच दिशेने असते. हाताला लागतील त्या मोठ्या फायली पुसल्या जातात. त्यात जुन्या प्रकरणांची स्कॅन केलेली कागदपत्रे जातात, मागच्या वर्षीची ड्रॉइंग जातात, क्षेत्रभेटीतली छायाचित्रे जातात. रिसायकल बिन रिकामी होते. तरीही पुष्कळदा मोकळ्या जागेचा आकडा हलत नाही, किंवा आज हलतो आणि आठवड्याभरात पुन्हा जुन्या जागी येतो. माझे म्हणणे असे की, इथे चूक पुसण्याच्या क्रमात आहे. जागा कोणी धरून ठेवली आहे हे न पाहता पुसायला घेतले, तर जे कधीच परत मिळणार नाही ते आधी जाते आणि ज्याने खरी जागा अडवली आहे ते शाबूत राहते. जागा अडवणाऱ्यांत सर्वांत कमी ओळखीचा आहे तो सिस्टीमचा स्नॅपशॉट.

स्नॅपशॉट म्हणजे एखाद्या क्षणी डिस्क जशी होती तशी धरून ठेवलेली तिची स्थिती. आपल्याकडच्या जमिनीच्या दफ्तरावरून ही कल्पना चटकन कळते. सातबारा आजची स्थिती दाखवतो. आधी ही जमीन कोणाच्या नावावर होती आणि केव्हा बदलली, हे गाव नमुना 6 मधल्या फेरफार नोंदींवरून मागे मागे जात कळते. दरवर्षी सगळ्या गावाचा सातबारा नव्याने उतरवून ठेवावा लागत नाही, बदल तेवढे नोंदवले की पुरते. स्नॅपशॉटही डिस्कची दुसरी पूर्ण नकल करत नाही. म्हणून तो क्षणात तयार होतो आणि सुरुवातीला जवळजवळ जागाच घेत नाही. त्यानंतर एखादी फाइल बदलली की काही प्रणाली जुना मजकूर आधी बाजूला काढून ठेवतात आणि मगच नवा लिहितात. काही प्रणाली जुन्याला हातच लावत नाहीत, नवा मजकूर दुसरीकडे लिहितात. दोन्हींचा परिणाम एकच: जितके बदल जास्त, तितकी स्नॅपशॉटने धरलेली जागा जास्त.

फायली पुसूनही जागा का सुटत नाही, याचे उत्तर यातच आहे. समजा, 20 जीबीचा एक व्हिडिओ डिस्कवर असताना स्नॅपशॉट घेतला गेला आणि दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ तुम्ही पुसला. तुमच्या फोल्डरमधून तो गेला. पण कालच्या स्थितीचा तो भाग असल्याने डिस्कवरची त्याची जागा राखीवच राहते. तो व्हिडिओ पाच स्नॅपशॉटमध्ये असेल, तर पाचही गेल्याशिवाय ती जागा सुटणार नाही. त्यामुळे दहापैकी एक स्नॅपशॉट काढला आणि काहीच फरक पडला नाही, तर त्यात बिघाड नाही. त्यातला मजकूर उरलेल्यांपैकी एखाद्या स्नॅपशॉटलाही लागत होता, एवढाच त्याचा अर्थ. हा हिशेब ज्याला माहीत नाही तो अशा वेळी आणखी फायली पुसत सुटतो, आणि नुकसान होते ते तिथेच.

प्रत्येक प्रणालीची तऱ्हा मात्र वेगळी आहे. ॲपलने 2017 मध्ये मॅकसाठी एपीएफएस ही फाइल व्यवस्था आणली. टाइम मशीन ही बॅकअपची सोय चालू असेल तर मॅक साधारण दर तासाला एक स्थानिक स्नॅपशॉट घेतो, चोवीस तास ठेवतो आणि जागेची गरज पडली की आपणहून काढू लागतो. फाइंडर ही सुटण्याजोगी जागा मोकळ्या जागेतच धरतो, म्हणून एकाच डिस्कचे दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात आणि माणूस गोंधळतो. मॅकवर पुष्कळदा एक दिवस थांबणे हाच इलाज असतो. घाई असेल तर डिस्क युटिलिटीत स्नॅपशॉटची यादी पाहून ते काढता येतात. विंडोजमध्ये हेच काम शॅडो कॉपी आणि रिस्टोअर पॉइंट करतात. ते सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन या लपवलेल्या फोल्डरात असतात, त्यामुळे नेहमीच्या फोल्डरांची बेरीज आणि भरलेल्या जागेचा आकडा जुळत नाही. सिस्टीम प्रोटेक्शनच्या खिडकीत या साठ्याला किती जागा द्यायची याची मर्यादा घालता येते. मर्यादा भरली की जुने पॉइंट जाऊन नव्यांना वाट मिळते. लिनक्समध्ये ओपनसुसे प्रत्येक मोठ्या बदलाआधी आणि नंतर स्नॅपशॉट घेते. लिनक्स मिंटमधला टाइमशिफ्ट नेहमीच्या पद्धतीने चालवला तर पहिल्याच वेळी सिस्टीमची पूर्ण नकल करतो आणि बेताच्या डिस्कवर ती एकदम डोळ्यांत भरते.

चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या औद्योगिक पट्ट्यांत हा विषय सर्वाधिक जपून हाताळावा लागतो तो आभासी सर्व्हरवर. एकाच मोठ्या यंत्रावर हिशेबाचा, हजेरीचा आणि ड्रॉइंगचा असे तीन-चार सर्व्हर चालवायचे झाले की व्हीएमवेअरसारखी प्रणाली येते. नवे सॉफ्टवेअर चढवण्याआधी स्नॅपशॉट घेतला जातो, काम सुरळीत होते आणि स्नॅपशॉट विसरला जातो. त्या क्षणापासूनचा प्रत्येक बदल वेगळ्या फाइलीत जात राहतो, ती वाढत वाढत साठा भरते आणि एके दिवशी सर्व्हर थांबतो. म्हणूनच कोणताही स्नॅपशॉट 72 तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे व्हीएमवेअर स्वतःच सांगते. सर्वांत वाईट चूक याच्या पुढची: ती फुगलेली फाइल निरुपयोगी समजून हाताने पुसणे. तिच्यात स्नॅपशॉटनंतरचे सगळे काम असते. प्रणालीच्या आज्ञेने स्नॅपशॉट काढला तर तो मजकूर मूळ डिस्कमध्ये मिसळला जातो. हाताने पुसला तर साखळी तुटते आणि तेवढ्या दिवसांचे काम जाते. ज्या साधनाने स्नॅपशॉट घेतला त्याच साधनाने तो काढायचा, हा नियम घरच्या लॅपटॉपलाही लागू आहे.

जागा अडवणारे इतरही आहेत, पण ते सोपे आहेत. 256 जीबीची डिस्क विंडोजमध्ये 238 दिसते ती कोणी चोरल्यामुळे नाही. कंपनी हजारच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या, एवढेच. विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. त्याआधी-नंतर ज्यांनी त्याच संगणकावर विंडोज 11 चढवले, त्यांच्या डिस्कवर जुन्या प्रणालीचे विंडोज.ओल्ड हे फोल्डर काही दिवस राहते. नव्यावर सगळे नीट चालते याची खात्री झाल्यावर ते सेटिंग्जमधल्या स्टोरेजमधून काढावे. विनएसएक्सएस हे विंडोजचे स्वतःचे फोल्डर मात्र मोठे दिसते म्हणून हाताने कधीही पुसू नये.

मग सगळे स्नॅपशॉट काढून ही सोय कायमची बंदच का करू नये, असे कोणी विचारेल. अडचणीत असलेल्या माणसाला हा उपाय सरळ वाटतो, आणि डिस्क अगदीच लहान असेल तर त्यात तथ्यही आहे. पण एखादा बिघडलेला ड्रायव्हर किंवा अर्धवट चढलेले अपडेट संगणक बंद पाडते, तेव्हा रिस्टोअर पॉइंट असेल तर संगणक बहुतेक वेळा थोड्या वेळात कालच्या स्थितीत येतो. नसेल तर सगळी प्रणाली नव्याने चढवावी लागते. कन्नड किंवा सोयगावच्या ज्या ऑनलाइन सेवा केंद्रात एकच संगणक आहे, तिथे याचा अर्थ अख्खा दिवस काम बंद. म्हणून सोय बंद करण्यापेक्षा तिला मर्यादा घालावी आणि जुने काढून ताजा एक तरी पॉइंट ठेवावा. विंडोजमधल्या डिस्क क्लीनअपमध्ये शेवटचा सोडून बाकीचे पॉइंट काढण्याचा पर्याय आहे, तो अगदी याच कामासाठी.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा आणि जास्त धोक्याचा: स्नॅपशॉट आहेत, तर वेगळ्या बॅकअपची गरज काय? गरज आहे, कारण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो. डिस्क गेली की तोही गेला. शिवाय सिस्टीम रिस्टोअर प्रणाली मागे नेतो, तुमची कागदपत्रे नाही. मे 2017 मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस फायली कुलूपबंद करत होताच, शिवाय विंडोजच्या शॅडो कॉपीही पुसून टाकत होता. पुढच्याच महिन्यात, 27 जूनला, नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले आणि न्हावा शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. वाळूजचा माल याच बंदरातून परदेशी जातो, तेव्हा ही बातमी मराठवाड्याला दूरची नव्हती. मर्स्कला सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. तिच्या जाळ्याचा नकाशा ठेवणाऱ्या मुख्य सर्व्हरच्या जगभरातल्या नकला एकमेकींशी जोडलेल्या होत्या आणि एकदमच नष्ट झाल्या. वाचली ती घानामधली एक, आणि तीही त्या वेळी वीज गेल्यामुळे जाळ्याबाहेर होती म्हणून. याहून जुना आणि जवळचा दाखला 21 जून 2012 च्या मंत्रालयाच्या आगीचा. माणसे दगावली, आणि वरच्या मजल्यांवरच्या ज्या कागदांची दुसरी प्रत नव्हती ते कायमचे गेले. कागद असो वा डिस्क, एकाच छताखाली ठेवलेली नक्कल आगीत मुळाबरोबरच जळते.

राहिला तिसरा मुद्दा: मोठी डिस्क घ्या आणि मोकळे व्हा. परवडत असेल तर जरूर घ्यावी. मात्र अलीकडच्या अनेक पातळ लॅपटॉपांत डिस्क मदरबोर्डलाच जोडलेली असते, ती बदलता येत नाही. बदलता आली तरी सवय तीच राहिली तर मोठी डिस्कही भरते, आणि दुसरी प्रत नसेल तर मोठ्या डिस्कवरचे नुकसानही मोठे होते. त्याच पैशात बाहेरून जोडायची डिस्क घेणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती. डिस्क भरल्याचा इशारा आला की फायलींना लगेच हात लावू नका. आधी स्टोरेजच्या सेटिंगमध्ये जागा कुठे गेली ते पाहा, स्नॅपशॉट आणि रिस्टोअर पॉइंट किती जागा धरून आहेत ते तपासा, आणि जुने असतील ते प्रणालीच्याच साधनाने काढा. एवढ्यावर भागले नाही तर आपल्या फायली पुसण्याआधी त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, त्यातल्या चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा, आणि ती डिस्क काम संपले की काढून दुसऱ्या घरी किंवा कार्यालयात ठेवा.